लाल कडांची फीत

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकाही माणसाचं तोंड नीट पाहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. ते बघतात ती बाही. समोरून कुणी आलं की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांवर, मिशांवर क्षणभरही न रेंगाळता थेट खांद्याच्या शिवणीवर जाते आणि तिथून घरंगळत मनगटापर्यंत येते, मग ते म्हणतात, "बरं चाललंय न्हवं?" हा प्रश्न माणसाला असतो की बाहीला, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. माझ्या लग्नात सासरच्या मंडळींनी आमची ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे! तर त्यांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून उलटी केली, अस्तराचा टाका पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, सांगितलं, "पोरगा चांगला हाय. कोट भाड्याचा हाय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, निदान दुसरी तरी. त्यांच्याकडे रोज दूध घालणारा माणूस एका थंडीत प्रथमच स्वेटर घालून आला, तर साडूंनी दार अर्धंच उघडून त्याला विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" माझ्या मेव्हणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांचं म्हणणं असं की हे मला बघायला आले तेव्हाही यांनी माझा चेहरा पाहिला नाही. त्यामुळे माझं वय झालंय हे यांना अजून कळलेलं नाही, आणि ते एक बरंच आहे.

आता यात त्यांचा दोष म्हणावा तर धंदाच तसा. सोलापुरात चादरीइतकंच हल्ली गणवेशाचं काम चालतं, आणि साडू गणवेशवाले. शाळेच्या पोरांचे, दवाखान्यातल्या सिस्टरांचे, बँकेच्या दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या रखवालदारांचे कपडे त्यांच्याकडे शिवले जातात. पण शर्ट-पँट कुणीही शिवेल. साडूंचा जीव बाहीवरच्या कामात. बिल्ले, नक्षी, फिती. बाहीवरची फीत जरा जरी कलली तरी त्यांना अन्न गोड लागत नाही. एकदा सात रस्त्याला वाहतूक हवालदारानं त्यांची स्कूटर अडवली. हेल्मेट नव्हतं. हवालदार बोलतोय आणि साडू त्याच्या बाहीकडे बघतायत. शेवटी म्हणाले, "साहेब, तुमच्या तिसऱ्या फितीचं टोक खाली आलंय. हात हितं ठेवा." आणि त्या माणसाचा हात स्कूटरच्या सीटवर ठेवून, खिशातून सुईदोऱ्याची डबी काढून, भर चौकात त्यांनी ती फीत उसवून सरळ केली. चारी बाजूंनी वाहनं अडकून हॉर्न वाजवत होती. टाका संपल्यावर हवालदारानं बाही वळवून वळवून पाहिली, मनापासून आभार मानले आणि दंडाची पावती फाडली. साडू घरी आले ते खुशीत. "बघा पाव्हणं," मला म्हणाले, "फीत सरळ झाली तसा माणूस कसा सरळ वागायला लागला!"

अशा या माणसाच्या हाती, तीन-चार वर्षांपूर्वी, अमेरिकेतलं यादवी युद्ध पडलं.

झालं असं, की परदेशात माल पाठवणारा एक व्यापारी त्यांच्याकडे कोटांचे नमुने घेऊन आला. काही निळे, काही करडे. अमेरिकेत म्हणे हौशी लोक आहेत. सुट्टीच्या दिवशी जुन्या सैनिकांचे कपडे घालून माळावर जमतात आणि दीडशे वर्षांपूर्वी उत्तर-दक्षिणेत झालेली लढाई पुन्हा लढून दाखवतात. त्यांच्यासाठी कोट हवे होते. साडूंनी सवयीनं निळ्या कोटाची बाही उचलली आणि त्यांचा हात थांबला. मनगटाच्या थोडं वर एक तिरपी आकाशी फीत होती, तिला दोन्हीकडून बारीक लाल कड. "हे काय?" त्यांनी विचारलं. व्यापाऱ्याला एवढंच ठाऊक होतं की ही हुद्द्याची फीत नाही. ज्या शिपायानं आपली मुदत पुरी केली, पळाला नाही, शेवटपर्यंत थांबला, त्याला ही मिळायची. आणि लाल कड असेल तर समजायचं, की यानं खरी लढाई पाहिलीय. साडूंनी जन्मभर हुद्द्याच्या फिती शिवलेल्या. कोण मोठा, कोण धाकटा, कुणी कुणाला सलाम करायचा, हे सांगणाऱ्या. नुसतं थांबण्याबद्दलही माणसाच्या बाहीवर काही शिवतात, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे जगात कुठंही युद्ध झालेलं असो, त्याचा जाब मलाच विचारायचा असा त्यांचा नियम. "सिव्हिल वॉर म्हंजे काय वो, पाव्हणं?"

"यादवी."

"म्हंजे यादव आपसात लढून मेले, ती?"

"तीच. एकाच घरातली, भावाभावांची."

साडू चहा अर्धा ठेवून उठले. मी माझ्या बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. धडा घेताना तोंडातून निघून जातो तसा तो शब्द माझ्या तोंडातून निघून गेला होता.

कारण साडूंना एक धाकटा भाऊ आहे. साडूंच्या घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी. थोरल्या भावाला कानडीत अण्णा आणि धाकट्याला तम्मा म्हणतात, म्हणून आम्हीही त्याला तम्माच म्हणतो. हे दोघं पाळण्यात होते तेव्हाच त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, दुकानाच्या पाटीवर आडनावापुढे 'ब्रदर्स' असं रंगवून घेतलं होतं, आणि पोरांनीही पुढे पाटीचा शब्द राखला. एक बाही कापायचा, दुसरा जोडायचा. अप्पांना मुंडा बसवण्याची विद्या होती, म्हणजे बाही खांद्याला अशी जोडायची की हात वर केला तरी चुणी पडू नये. ती विद्या तम्माच्या हातात उतरली आणि नक्षी साडूंच्या. मग अप्पा अंथरुणाला खिळले. तम्मा म्हणे, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ. अप्पा म्हणत, मला या घरातून हलवू नका. साडूंनी अप्पांचं ऐकलं. तम्मा रागारागानं पुण्याला गेला, तिथं खाट मिळते का पाहायला, आणि तो तिकडं असतानाच इकडं अप्पा गेले. घरात माणसं बसलेली असतानाच तम्मा सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णानं मारलं अप्पांना." साडू म्हणाले, "आणि तू कुटं हुतास?" एवढंच. एकेक वाक्य. भांडण म्हणून सांगायला गेलं तर तेवढ्यात संपतं. पण पुढच्या महिन्यात तम्मा बायको-मुलीला घेऊन वैरागला गेला आणि बाजारपेठेत त्यानं आपलं दुकान थाटलं. त्यानंही पाटीवर 'ब्रदर्स'च लिहिलं. तेव्हापासून सोलापुरात एक 'ब्रदर्स' आहे, वैरागात एक, आणि दोन्हीकडे भाऊ एकेकटेच.

सोलापूरहून वैराग म्हणजे एसटीनं दीड-दोन तास. पण आमच्या साडूंना अमेरिका जवळची झाली. मोबाइलवर त्या हौशी लढायांची चित्रफीत लावून ते दुपारी कारखान्यात बसत. बाहेर सोलापूरचं ऊन, पत्रा तापलेला, आणि पडद्यावर लोकरीचे कोट घातलेली पोट सुटलेली माणसं बंदुका घेऊन धावतायत. धूर होतो. निम्मे पडतात. साडूंना लढाईत रस नव्हता; ते शेवटाची वाट बघायचे. शेवटी बिगुल वाजतो आणि माळावर मरून पडलेले सगळे निळे-करडे उठून बसतात, अंगावरची धूळ झटकतात, एकमेकांना हात देऊन उभे राहतात आणि बाटलीतलं पाणी पितात. "हे बघा, हे बघा," ते मला दाखवायचे, "ह्यानंच मारलं त्याला, आणि आता पाणी द्यायलाय. लई भारी!" अक्का आतून ओरडायच्या, "अवो, तुमचे मेलेले उठले असतील तर जेवायला या!" मी एकदा म्हटलं, "अहो, हे सगळं खोटं आहे." तर म्हणाले, "खोटं का हुईना. उठतात तर खरं." कारखान्यातली तम्माची निम्मी जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली होती. काम वाढलं, यंत्रं दाटीवाटीनं लावावी लागली, तरी त्या बाजूला ते काही ठेवू देत नसत. कारागिरांनी विचारलं तर म्हणत, "तितं ओल येती." सोलापुरात ओल! उन्हाळ्यात आमच्याकडे घामसुद्धा टिकत नाही.

मग तो घोटाळा झाला. माल तयार झाला, व्यापारी तपासायला आला, आणि बघतो तर निळ्या कोटांबरोबर करड्या कोटांच्याही बाहीवर लाल कडांची फीत! बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला. "अहो, नमुन्यात करड्या कोटाला फीत आहे का?"

"न्हाय."

"मग कुणी सांगितली लावायला?"

"त्यांनी बी लढाई बघितलीया की."

व्यापारी माझ्याकडे वळला, कारण मी तिथं बसलो होतो आणि शहाणा दिसत होतो. मीही साडूंना समजावलं, की करड्यांची बाजू चुकीची होती. माणसांना गुलाम म्हणून बाळगायचा हक्क टिकावा म्हणून ते लढत होते. त्यांना मान द्यावा असं त्यात काही नव्हतं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातल्या करड्या बाहीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "चूक ती चूकच, पाव्हणं. तिला कोण बरोबर म्हणतंय? पण चुकला म्हणून भाऊ ऱ्हायला न्हाय, असं हुतंय व्हय?" व्यापाऱ्याला यातलं काही कळलं नाही. अक्कांना कळलं. त्या उठून आत गेल्या. फिती मात्र काढाव्याच लागल्या. सगळं घर उसवायला बसलं. माझी बायको, मी, अक्का, झाडून सगळे. जवळजवळ आठवडाभर आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर राहून अमेरिकेतल्या दक्षिणेच्या फौजेचा मान उतरवत होतो. अक्का उसवता उसवता म्हणायच्या, "होग्ली बिड्री," जाऊ द्या, सोडून द्या. पण ते सुटण्यातलं नव्हतं.

उसवलेल्या फितींचा ढीग शिल्लक राहिला, आणि साडूंनी त्या वाटायला सुरुवात केली. कुणालाही नाही हं. जो आपल्या जागी शेवटपर्यंत थांबला त्यालाच. पहिली अक्कांना. "लुगड्याला बाही असती का?" अक्कांनी विचारलं, तर त्यांनी पोलक्याच्या बाहीला लावली. ते पोलकं घालून अक्का हळदीकुंकवाला गेल्या आणि परत आल्या त्या दोन बायकांची ऑर्डर घेऊन. त्यांना ती नवी फॅशन वाटली. साडूंनी ऑर्डर परत केली. "आधी काय सोसलंय ते विचारून ये." नवरा अंथरुणावर पडल्यापासून एकटीनं भाजीची गाडी ओढणाऱ्या बाईला त्यांनी फीत दिली. माझी बायको मोठ्या दुखण्यातून उठून दवाखान्यातून घरी आली, तेव्हा सगळे फळं घेऊन आले. साडू सुईदोरा घेऊन आले. खाटेजवळ बसले, तिच्या गाऊनची बाही गुडघ्यावर घेतली आणि फीत शिवून दिली. "लाल कडांची हाय," एवढंच जाताना म्हणाले. माझी बायको डॉक्टरांसमोर रडली नव्हती, ती तेव्हा रडली. तो गाऊन विटला तरी ती टाकू देत नाही. मी एकदा त्यांना विचारलं, "तुमच्या बाहीला का नाही?" तर माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघून म्हणाले, "आपल्या हातानं आपल्या बाहीला लावायची नसती. दुसऱ्यानं लावायची असती."

गेल्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर तम्माच्या मुलीचं लग्न ठरलं. आमंत्रणाला तम्माची बायको स्वतः आली, कुंकू लावून अक्कांच्या गळ्यात पडली. तम्मा वर आला नाही. खाली रिक्षात बसून राहिला. मी तिथंच होतो. साडू खिडकीशी जाऊन उभे राहिले. वरून रिक्षाचं टप दिसत होतं, आणि टपाखालून बाहेर टेकवलेला एक हात, कोपरापासून मनगटापर्यंत. साडू किती तरी वेळ त्या हाताकडे बघत होते. "त्यानंच शिवलाय शर्ट," हळूच म्हणाले. "अप्पांचा हात हाय." आणि मग थोड्या वेळानं, "हडकलाय वो. बाहीत हात हलतोय." रिक्षा वळून दिसेनाशी झाली. आयुष्यभर बाहीच बघणाऱ्या माणसाला त्या दिवशी तोंड बघायचं होतं, आणि तेवढंच दिसलं नाही.

वैरागला आम्ही सगळे गेलो. साडू येतील की नाही यावर अक्का आणि माझी बायको निघेपर्यंत कुजबुजत होत्या, पण ते सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले होते. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. तम्मा इकडून तिकडे पळत होता आणि साडू मांडवाच्या खांबाला टेकून, हातात कागदाची पुडी घेऊन उभे. शेवटी तम्मा समोर आला. साडूंनी पुडी पुढे केली. तम्मानं उघडली, फीत बोटांत धरली, उजेडाकडे नेली आणि इतक्या वर्षांनी आपल्या थोरल्या भावाशी पहिलं वाक्य बोलला, "कडेचा टाका ढिला हाय."

"यंत्राचा हाय," साडू म्हणाले. "हातानं एवढं कोण करतंय आता?"

"हे असतंय काय पण?"

झालं. साडूंनी अमेरिकेतलं सगळं युद्ध सांगायला घेतलं. निळे, करडे, बिगुल, मेलेले उठून पाणी पितात ते. बाजूला बँड वाजत होता, लोक आहेर घेऊन खोळंबले होते, आणि मुलीचा बाप मान डोलवत उत्तर-दक्षिणेची कथा ऐकत होता. "तर जो थांबला, त्याला ही फीत," साडूंनी शेवट केला. "तुझ्यासाठी आणलीया."

तम्मानं फीत तळहातावर सरळ केली. "मला नगो, अण्णा," म्हणाला. "मी कुटं थांबलो? मी खाट बघायला म्हणून गेलो. अप्पांच्या उशाला तू हुतास." मग बायकोकडून त्यानं सुई मागून घेतली, साडूंचा उजवा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि तिथंच मांडवातल्या खुर्चीवर बसून शिवायला लागला. साडू उभेच, वाकलेले, हात भावाच्या ताब्यात. तम्माचे डोळे भरलेले असावेत, कारण फीत तिरपी लागली ती उलट्या बाजूनं. मनगटाकडे जे टोक हवं ते कोपराकडे गेलं. हे मला दिसलं, तर साडूंना दिसलं नसेल का? अक्कांनीही पाहिलं. साडू म्हणाले, "झ्याक बसलीय." तो शर्ट ते आजही घालतात, आणि ती फीत त्यांनी सरळ केलेली नाही.

त्यानंतर एका रविवारी तम्मा सोलापूरला आला. मी मुद्दामच जरा उशिरा गेलो. दोघं कारखान्यात बसले होते. सुटीमुळे यंत्रं बंद. बोलणं सगळं जुन्याचंच. कुठला दोरा बाजारातून गेला, कुठला कारागीर आता नाही, अप्पांची मोठी कात्री शेवटी कुणाकडे राहिली. मला वाटतं, ते एकमेकांविना गेलेल्या वर्षांची चाचपणी करत असावेत. तम्माच्या मुलीचं शाळेत जाणं साडूंनी पाहिलं नव्हतं. अक्कांचं ऑपरेशन तम्माला कळलं नव्हतं. "राहा की आजचा दिवस," साडू दोन-तीनदा म्हणाले. पण तम्माला सकाळी दुकान उघडायचं होतं. शाळा सुरू व्हायचे दिवस, गणवेशाची घाई. हे साडूंना सांगायला नको होतं.

ऊन कलल्यावर आम्ही त्याला स्टँडवर सोडायला गेलो. बार्शीची गाडी लागलेली होती. तम्मा खिडकीशी बसला. साडू खाली, खिडकीची कांब धरून उभे. "पोचल्यावर फोन कर," म्हणाले. "करतो." "वैरागला उतर, झोपू नको गाडीत." "न्हाय झोपत, अण्णा." कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडून रहदारीत मिसळली. साडूंनी हात वर केला होता तो तसाच होता. मी म्हटलं, "चला, निघू या." ते हलले नाहीत.

"थोडं थांबू, पाव्हणं," म्हणाले. "म्होरच्या चौकात कधी कधी लई गर्दी असती. गाड्या अडकून पडत्यात. अडकली असंल तर दिसंल अजून."

गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.